पी०१७१ म्हणजे नेमकं काय बिघडलं?

डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला की पडद्यावर पी०१७१ असा कोड येतो आणि लगेच निकाल लागतो: ऑक्सिजन सेन्सर गेलाय, बदलावा लागेल. सेन्सर बदलला जातो, कोड पुसला जातो, काही दिवस दिवा बंद राहतो आणि मग पुन्हा लागतो. कोड तोच. खरं तर पी०१७१ त्या सेन्सरला दोष देतच नाही. इंजिनात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय, एवढंच तो सांगतो. सेन्सरने आपलं काम चोख केलं होतं, म्हणून तर दिवा लागला.

गाडीतल्या संगणकाला बिघाड दिसत नाही. मोजक्या सेन्सरांच्या आकड्यांवरून तो अंदाज बांधतो. तो अंदाज कसा बांधला जातो हे कळलं, की कोडवरून पुढे कुठे बघायचं हेही कळतं. पैसे वाचवायचे असतील तर एवढी माहिती प्रत्येक गाडीवाल्याला हवीच, असं मला मनापासून वाटतं.

ही यंत्रणा मेकॅनिकच्या सोयीसाठी जन्माला आलेली नाही. १९४०च्या दशकात लॉस एंजेलिसवर डोळे चुरचुरवणारं धुरकं साचू लागलं. मोटारींच्या धुरातले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांच्यावर ऊन पडलं की हे धुरकं तयार होतं, हे कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक या विज्ञानसंस्थेतले रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी दाखवून दिलं. पुढे कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाचे ते पहिले अध्यक्ष झाले. नवी गाडी चाचणीत पास होते, पण चार वर्षांनी तिचा धूर कोण तपासणार, हा त्या मंडळापुढचा प्रश्न होता. गाडीनेच स्वतःवर नजर ठेवावी, असं उत्तर त्यांनी काढलं. १९८८च्या मॉडेलांपासून तिथे पहिली, साधी ओबीडी (ऑन-बोर्ड डायग्नोस्टिक्स, म्हणजे गाडीने स्वतःचीच तपासणी करण्याची यंत्रणा) आली आणि १९९६पासून अमेरिकेतल्या सगळ्या नव्या मोटारींना ओबीडी-२ सक्तीची झाली. एकच सोळा पिनांचा सॉकेट, एकच कोडांची भाषा, कंपनी कुठलीही असो.

आपल्याकडे धुराच्या भारत स्टेज ४ (बीएस-४) या नियमांची सुरुवात २०१०मध्ये मुंबई, पुणे, सोलापूर अशा निवडक शहरांपासून झाली. एप्रिल २०१३पासून ओबीडी-२ आली आणि २०२०मध्ये बीएस-६ आल्यावर तिची नजर आणखी कडक झाली. हा सॉकेट बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली, ड्रायव्हरच्या गुडघ्यांच्या आसपास असतो. मोबाइलशी ब्लूटूथने जोडणारं छोटं अडॅप्टर तिथे लावलं, की घरबसल्या कोड वाचता येतात.

कोडची रचना सोपी आहे. पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स, बी म्हणजे बॉडी, सी म्हणजे ब्रेक-सस्पेन्शन आणि यू म्हणजे गाडीतल्या संगणकांमधला आपसातला संपर्क. त्यापुढे शून्य असेल तर कोड सगळ्या कंपन्यांना समान, एक असेल तर त्या कंपनीचा स्वतःचा. तिसऱ्या जागेवरचा आकडा विभाग सांगतो: १ आणि २ इंधन-हवेचे, ३ ठिणगीचा, ४ धूर-नियंत्रणाचा.

आता पी०१७१कडे येऊ. एक ग्रॅम पेट्रोल पुरतं जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. सायलेन्सरच्या पाइपात बसवलेला ऑक्सिजन सेन्सर धुरात किती ऑक्सिजन उरला ते बघतो. जास्त उरला तर त्याचा व्होल्टेज ०.१च्या आसपास घसरतो, कमी उरला तर ०.९पर्यंत चढतो. त्यावरून संगणक क्षणाक्षणाला पेट्रोल थोडं वाढवतो, थोडं कमी करतो. या दुरुस्तीला फ्युएल ट्रिम म्हणतात आणि ती टक्क्यांत दिसते. ठणठणीत गाडीत ती शून्याच्या अल्याड-पल्याड पाचेक टक्के असते. ती वाढत वाढत वीस-पंचवीस टक्क्यांच्या वर जाऊन तिथेच राहिली, की संगणक हात टेकतो आणि पी०१७१ नोंदवतो. (इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो. त्यामुळे २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल जाळायला १४.७ऐवजी साधारण १३.५ पट हवा पुरते. त्यासाठी न बनवलेल्या जुन्या गाडीत ट्रिम त्यामुळेही काही टक्के वर सरकते.)

पेट्रोल कमी पडायला दोनच मुख्य कारणं: कुठून तरी न मोजलेली हवा आत शिरतेय, किंवा पेट्रोलच पुरेसं येत नाही. दोन्हींना कोड एकच, पण त्यांना वेगळं काढता येतं. आत येणारी हवा थेट मोजणारा सेन्सर ज्या गाडीत असतो, तिथे गाडी उभी ठेवून आधी न्यूट्रलमध्ये ट्रिम बघावी आणि मग रेस देऊन २५०० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे). न्यूट्रलमध्ये इंजिन हवा फार कमी ओढतं. अशा वेळी फाटक्या रबरी पाइपातून शिरणारी हवा एकूण हवेच्या मानाने मोठी ठरते आणि ट्रिम पंचवीसवर असते. रेस दिली की एकूण हवा कितीतरी वाढते, गळती मात्र जवळपास तेवढीच राहते, आणि ट्रिम सहा-सातवर उतरते. पंप थकला असेल किंवा फिल्टर चोंदला असेल तर याच्या उलट होतं. न्यूट्रलमध्ये सगळं ठीक आणि घाट चढताना ट्रिम चढत जाते. मॅनिफोल्डमधला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला, दाब मोजून हवेचा हिशेब करणाऱ्या गाड्यांत मात्र गळती वेगळ्या रूपात दिसते. गळतीची हवाही दाबात धरली जाते, त्यामुळे ट्रिमपेक्षा आयडलच, म्हणजे उभ्या गाडीत रेस न देता असलेला इंजिनाचा वेगच, वाढलेला आढळतो.

कधीकधी पी०१७१सोबत पी०३०१ही येतो. पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर मिसिंग मारतोय, मधूनमधून पेटतच नाही. हे संगणकाला कसं कळतं ते पाहण्यासारखं आहे. इंजिनाच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्यावर, क्रँकशाफ्टवर, दातेरी चकती असते. बऱ्याच गाड्यांत ६० दातांची जागा आणि त्यातले दोन मुद्दाम गाळलेले. ३००० आरपीएमला एक फेरा २० मिलिसेकंदांत होतो, म्हणजे एकेका दाताला सेकंदाचा तीनहजारावा भाग मिळतो. प्रत्येक सिलिंडर पेटला की शाफ्टला ढकल मिळते. सायकलवर एका पायाने पॅडल मारायचं राहिलं तर चाक क्षणभर मंदावतं, तसं एखादा सिलिंडर पेटला नाही की पुढचे काही दात किंचित उशिरा येतात. या उशिराच्या वेळेवरून संगणक सिलिंडर ओळखतो. खड्ड्यांतून जाताना चाकांचे धक्केही उलटे शाफ्टपर्यंत पोचतात आणि घोटाळा होऊ शकतो. म्हणून अनेक गाड्या एबीएसच्या (ब्रेक लावताना चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेच्या) चाक-सेन्सरांवरून खराब रस्ता ओळखतात आणि तेवढा वेळ ही मोजणी थांबवतात.

न पेटलेल्या सिलिंडरमधलं पेट्रोल आणि ऑक्सिजन दोन्ही तसेच बाहेर पडतात. पण सेन्सर ओळखतो फक्त ऑक्सिजन. म्हणून प्रत्यक्षात पेट्रोल वाया जात असताना तो पेट्रोल कमी आहे असं कळवतो आणि पी०१७१ उमटतो. दोन्ही कोड एकत्र आले तर आधी मिसिंगचा शोध घ्यावा. त्यासाठी सेन्सर विकत घ्यायची गरज नसते. इंजिन बंद आणि थंड असताना पहिल्या सिलिंडरची इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची पहिल्यावर लावायची, कोड पुसायचा आणि गाडी फिरवून आणायची. आता पी०३०३ आला तर कॉइल खराब. पी०३०१च राहिला तर कॉइल निर्दोष. मग प्लग, इंजेक्टर, शेवटी कॉम्प्रेशन तपासायचं. पावसाळ्यात प्लगच्या खोबणीत पाणी शिरलंय का, हे आधी बघावं.

दिवा स्थिर असेल तर गाडी सावकाश गॅरेजपर्यंत नेता येते. पिवळा दिवा लुकलुकत असेल तर ॲक्सिलरेटरवरचा पाय लगेच हलका करावा आणि सुरक्षित जागा बघून थांबावं. मिसिंगमुळे न जळलेलं कच्चं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं, आणि त्या उष्णतेने आतली सिरॅमिकची जाळी वितळू शकते. हजार-दोन हजारांच्या कॉइलपायी मग कन्व्हर्टर बदलायची वेळ येते.

कोड पुसण्याची घाई करू नये. कोड नोंदवताना संगणक त्या क्षणीचा आरपीएम, वेग, इंजिनाचं तापमान आणि ट्रिम साठवून ठेवतो. बिघाड चढावर झाला की सिग्नलवर, थंड इंजिनात की गरम, हे त्यावरून कळतं. इरेज दाबलं की हेही जातं. शिवाय संगणकाच्या स्वतःच्या चाचण्या कोऱ्या होतात आणि पुन्हा पूर्ण व्हायला गाडी बरीच आणि वेगवेगळ्या तऱ्हेने चालावी लागते. जुनी गाडी घेताना ही गोष्ट फार कामाची आहे. स्कॅनरवर एकही कोड नाही, पण बऱ्याच चाचण्या अपूर्ण दिसतात, तर कोड नुकतेच पुसले असण्याची किंवा बॅटरी काढली असण्याची शक्यता मोठी. कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली, हा आकडाही बहुतेक गाड्या देतात. तो वीस-पंचवीस असेल, तर व्यवहार ठरवण्याआधी गाडी दोन-तीन दिवस चालवायला मागा आणि स्कॅनर पुन्हा लावा.