न दिसलेल्या वाघांची मोजणी आणि बर्डीवरचा राउटर

मागच्या महिन्यात नागपूरच्या बर्डी बाजारातून एक वाय-फाय राउटर आणला. डब्यात अडॅप्टर होता, केबल होती, वॉरंटी कार्डही होतं. एक कागद मात्र नव्हता. अशा राउटरच्या पोटात बहुतेकदा लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम आणि बिझीबॉक्स हा छोट्या कमांडांचा संच असतो. दोन्ही फुकट, पण जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली. हे घालून वस्तू विकायची, तर सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, सोबत द्या, नाहीतर मागेल त्याला देऊ असं लेखी कळवा, तेही किमान 3 वर्षांसाठी. माझ्या डब्यात नव्हता तो हाच कागद.

हेराल्ड वेल्टे या जर्मन प्रोग्रॅमरने 2004 साली अशाच राउटरवरून एका कंपनीला म्युनिकच्या कोर्टात खेचलं आणि तो जिंकला. पण कोर्टातली प्रकरणं मोजून उल्लंघनं किती ते कळत नाही. डबा उघडून बघणारे किती, एवढंच कळतं.

मग न सापडलेली मोजायची कशी? पेंचच्या जंगलात वाघ मोजतात तशी. प्रत्येक वाघाच्या पट्ट्यांची नक्षी वेगळी. कॅमेऱ्यात एकदा टिपलेले वाघ पुढच्या फेरीत किती पुन्हा दिसतात, त्यावरून अजिबात न दिसलेल्यांचा अंदाज येतो. युक्ती जुनी आहे. पीटरसन या डॅनिश शास्त्रज्ञाने 1896 मध्ये ती माशांवर वापरली, लिंकनने 1930 मध्ये अमेरिकेतल्या बदकांवर.

आता राउटर घेऊ. समजा, बाजारातल्या सगळ्या मॉडेलांची यादी केली आणि चिठ्ठ्या टाकून 200 निवडली. ही चिठ्ठी महत्त्वाची. 'संशय येतो ते उघडू' म्हटलं की हिशोब बिघडलाच. दोघांनी एकमेकांना न विचारता ती तपासली. पहिल्याला 40 उल्लंघनं सापडली, दुसऱ्याला 30, त्यांपैकी 24 दोघांनाही. पहिल्याच्या 40 पैकी 24 दुसऱ्यानेही पकडली, म्हणजे दुसऱ्याच्या जाळ्यात 60 टक्के येतात. मग त्याची 30 हीसुद्धा एकूणाच्या 60 टक्के धरायची. एकूण झाली 50. दोघांची मिळून सापडलेली 46, निसटलेली 4.

खरी गोम पुढे आहे. दोघांनीही फर्मवेअरच्या, म्हणजे राउटरमध्ये भरलेल्या सॉफ्टवेअरच्या, फाइलमध्ये 'बिझीबॉक्स' हा शब्दच शोधला, तर सोपी प्रकरणं दोघांच्याही यादीत येतात आणि एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे कुलूपबंद, फाइल दोघांनाही चकवते. सामाईक आकडा फुगतो, अंदाज खाली येतो. कॅमेऱ्याची वाट टाळून जाणारा वाघ कितीही फेऱ्या केल्या तरी दिसत नाही, तसंच. म्हणून एकाने फाइल चाळावी, दुसऱ्याने झाकण उघडून बोर्डाला तारा जोडाव्यात.

आणि काहीच सापडलं नाही तर? 60 मॉडेलं तपासून शून्य आलं, तरी 95 टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की प्रमाण 5 टक्क्यांवर नसावं. तीन भागिले नमुना, इतका साधा नियम आहे.

माझ्या राउटरलाही मी तारा जोडल्या. चालू करताच स्क्रीनवर लिनक्सच्या ओळी धावल्या, शेवटी बिझीबॉक्सचं नाव आलं. कंपनीला सोर्स कोड मागणारा ई-मेल टाकलाय, पंधरा दिवस झाले.