पाला भरघोस, कणीस फोल

बाजरी आणि नेपियर गवताचा संकर असलेल्या संकरित नेपियर या चाऱ्याच्या गवताचं कणीस तळहातावर चुरगाळलं तर भुसाच हाती येतो, दाणा सापडत नाही. त्याचे परागकण रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, की बहुतेक चिंबलेले, फिके दिसतात. सकस परागकण गच्च भरलेला असतो आणि गडद रंग धरतो. कितीही वेळा कापलं तरी जोमानं फुटणारं हे गवत वांझ आहे.

याचं मूळ गुणसूत्रांच्या, म्हणजे पेशीतल्या आनुवंशिक गुण वाहणाऱ्या धाग्यांच्या, हिशोबात आहे. बाजरीच्या पेशीत 14 गुणसूत्रं, नेपियर गवताच्या 28. दोघांकडून निम्मी आली, की संकराला मिळतात 7 आणि 14, म्हणजे 21. परागकण घडताना प्रत्येक गुणसूत्राला जोडीदार लागतो. नेपियरकडून आलेल्यांपैकी 7 बाजरीच्या जवळच्या नात्यातली, त्यांची जोडी बऱ्यापैकी जमते. उरलेली 7 एकटी पडतात आणि विभागणीत वाट फुटेल तिकडे जातात. म्हणून हे गवत कांड्या किंवा ठोंबं लावूनच वाढवावं लागतं. कोल्चिसिन हे गुणसूत्रं दुप्पट करणारं रसायन वापरून 21 ची 42 केली तर प्रत्येकाला जोडीदार मिळतो आणि बी धरण्याची शक्यता परतते.

ज्वारी आणि सुदान गवत या तिच्या जवळच्या नात्यातल्या चाऱ्याच्या गवताचं तसं नाही. दोघांचीही गुणसूत्रं 20, त्यामुळे संकर सहज जमतो. अडचण असते ती ज्वारीच्या फुलात नर-मादी एकत्र असण्याची, कारण फूल स्वतःच्याच परागानं फळतं. 1954 मध्ये ज्वारीत पेशीद्रव्यातून (आईकडून) येणारं नरवंध्यत्व, म्हणजे सकस पराग न बनण्याचा गुण, हाती आलं आणि संकरित बी मोठ्या प्रमाणावर करता येऊ लागलं. धान्याच्या संकरात पुढे नराची प्रजननक्षमता परत आणणारं जनुकही लागतं, नाहीतर शेतात दाणा भरणार नाही. चाऱ्याला त्याची सक्ती नाही, कारण तिथे हवा असतो पाला!

लसूणघास या चारापिकाची गोष्ट मला सगळ्यांत विचार करायला लावणारी वाटते. त्याच्यात गुणसूत्रांचे चार संच, एकूण 32. स्वपरागण झालं, म्हणजे त्याच झाडाचा पराग मिळाला, तर शेंगा कमी धरतात आणि पुढची पिढीही खुरटते. फुलातले पुंकेसर-स्त्रीकेसर ताणलेल्या स्प्रिंगसारखे पाकळ्यांत अडकलेले असतात. मधमाशीनं दाब दिला, की ते फटकन सुटून तिच्या अंगावर आदळतात. अनुभवी मधमाश्या हा फटका टाळून बाजूनंच मध चोखतात, मग शेंग कशी धरणार? फूल किती सहज उघडतं, मध किती सुटतो, बीजांडकोशात बीजांडं किती, हे सारं अंशतः आनुवंशिक आहे. निवड करताना फक्त हिरवा चारा तोलला, तर हे गुण नजरेतून निसटतात. म्हणून निवडीच्या वाफ्यातली काही झाडं न कापता फुलू द्यावीत आणि त्यांच्या शेंगा सोलून दाणे मोजावेत.