पीएचडीसाठी नोकरी सोडावी लागते?

कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांना पीएचडीसाठी नोकरी सोडावी लागते, हा समज जुना आहे आणि चुकीचा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांत अर्धवेळ पीएचडीची स्पष्ट सोय आहे.

घोडे अडते ते नोकरीच्या ठिकाणाहून घ्यायच्या ना-हरकत पत्रावर. नुसते ‘हरकत नाही’ लिहून भागत नाही. अर्धवेळ अभ्यासाला परवानगी आहे, कामातून संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी (संशोधनाआधीच्या अभ्यासक्रमासाठी) कार्यमुक्त करू, या तिन्ही गोष्टी त्यात हव्यात. तिसरी सर्वात महत्त्वाची. कोर्सवर्क किमान १२ श्रेयांकांचे (क्रेडिट) असते आणि त्यात ५५ टक्के गुण लागतात.

मार्गदर्शक मिळणेही कठीण. प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६, सहायक प्राध्यापकाला ४ च विद्यार्थी घेता येतात.

मुदत ६ वर्षे, पुनर्नोंदणीने आणखी २. महिलांना व ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर २. विद्यापीठातल्या परीक्षा-प्रवेशाच्या धामधुमीत संशोधनाचे काम थांबते, मुदत थांबत नाही. त्यामुळे ज्यांची पीएचडी रखडते, त्यांना आळशी म्हणणे अन्यायाचे आहे. आधी पत्र मिळवा, मार्गदर्शकाकडे जागा आहे का पाहा, विषय नंतर ठरवा.