मांडीच्या हाडाचा पीळ मोजणारा सीटी स्कॅन : येण्यापूर्वी एवढं वाचा

‘दुखतो गुडघा, मग स्कॅन खुब्याचाही कशाला?’ असं आमच्या काउंटरवर हमखास विचारलं जातं. मांडीच्या हाडाला स्वतःभोवती थोडा पीळ असतो. मोठ्या माणसांत साधारण १० ते २० अंश. तो फार जास्त असला तर चालताना गुडघे आत वळतात आणि वाटी बाहेर निसटण्याचा धोका वाढतो. समोरून काढलेल्या साध्या एक्स-रेत तो मोजता येत नाही. सीटीवर एक रेषा खुब्याजवळ हाडाच्या मानेतून काढतात, दुसरी गुडघ्यामागच्या दोन गोलाव्यांना टेकून. या दोन रेषांमधला कोन म्हणजे पीळ.

गुडघा बदलायचा असेल तर गुडघ्यापाशीच आणखी एक मोजणी होते. हाडाच्या दोन्ही बाजूंचे उंचवटे जोडणारी रेषा आणि मागच्या गोलाव्यांची रेषा यांत सहसा ३ अंशांच्या आसपास फरक असतो. कृत्रिम सांधा किती बाहेर वळवून बसवायचा, हे ठरवताना सर्जन तो बघतात. पण सगळ्यांना ३ अंश धरून चालत नाही. गुडघे एकमेकांना घासत असतील तर बाहेरचा गोलावा बरेचदा मुळातच लहान किंवा झिजलेला असतो आणि मागची रेषाच तिरकी पडते. सांधा आत वळून बसला तर वाटी नीट सरकत नाही, गुडघा पुढून दुखत राहतो. सांधा बदलूनही दुखणं थांबलं नाही, तर डॉक्टर हाच स्कॅन सांगू शकतात. धातूमुळे चित्रात रेघा उमटतात, म्हणून आधी झालेल्या ऑपरेशनचे कागद जरूर आणा.

उपाशी यायची गरज नाही, इंजेक्शनही नाही. पैंजण आणि खिशातल्या चाव्या काढून ठेवा. गरोदर असाल किंवा तशी शंका असेल, तर आधीच सांगा.

पाय आम्ही पट्ट्यांनी बांधतो. खुब्याची चित्रं झाल्यावर आणि गुडघ्याची होण्याआधी पाय जरासा जरी वळला, तरी कोन चुकतो. हललात तर संकोच न करता सांगा, पुन्हा काढू.

रिपोर्टमध्ये आकड्याशेजारी तो कोणत्या रेषांवरून काढला तेही लिहितो. पद्धत बदलली की त्याच पायाचा आकडा काही अंशांनी बदलतो, तेव्हा शेजाऱ्यांच्या रिपोर्टशी ताडून पाहू नका. फिल्म आणि सीडी दोन्ही सर्जनना दाखवा.