रेषेतून देहात उतरताना

ॲनिमेशन मालिकेवरून खऱ्या नटांना घेऊन केलेला चित्रपट फसला, की दोष बहुधा पटकथेला, पात्रनिवडीला किंवा मूळ मालिकेशी इमान न राखणाऱ्या दिग्दर्शकाला दिला जातो. पुष्कळदा तो रास्तही असतो. २०१० साली आलेल्या ‘द लास्ट एअरबेंडर’मध्ये २० भागांच्या एका पर्वाचे कथानक पावणेदोन तासांत कोंबले होते, तसे केल्यावर कोणतीही गोष्ट गुदमरणारच. परंतु पटकथा नीट असून, पैसा पुरेसा असून आणि दिग्दर्शकाचा मालिकेवर जीव असूनही पडद्यावर काहीतरी खटकत राहते, तेव्हा त्याचे कारण प्रेक्षकाच्या मेंदूत आणि भौतिकशास्त्राच्या अगदी प्राथमिक नियमांत शोधावे लागते. रेखाटलेले चित्र पाहताना मेंदू ज्या गोष्टी तपासायच्या सोडून देतो, त्या सगळ्या तो खरी त्वचा आणि खरा प्रकाश दिसताच पुन्हा तपासू लागतो.

डोळ्यांचेच पाहा. अनेक मालिकांमधील पात्रांचे डोळे चेहऱ्याचा तिसरा हिस्सा व्यापतात आणि तरीही ते आपल्याला गोड वाटतात. प्राणीवर्तनाचे अभ्यासक कोनराड लोरेन्झ यांनी १९४३ मध्ये मांडले होते, की मोठे डोळे, उंच कपाळ आणि गुबगुबीत गाल ही बाळाची लक्षणे मोठ्यांच्या मनात आपोआप माया जागवतात. त्याच क्षेत्रातले निको टिनबर्गेन यांनी हेरिंग गल या समुद्रपक्ष्याच्या पिल्लांवर केलेले प्रयोग याच्याही पुढे जातात. ही पिल्ले आईबापाच्या पिवळ्या चोचीवरील लाल ठिपक्यावर टोचा मारून अन्न मागतात. पण त्यांच्यापुढे पांढरे पट्टे असलेली बारीक लाल काडी धरली, तर हुबेहूब घडवलेल्या डोक्यापेक्षा ती त्या काडीवर अधिक टोचा मारतात. खुणेची अतिशयोक्ती केली, की प्रतिसादही वाढतो. रेखाटनकारांनी हे मर्म हाताला सवय होईल इतके आत्मसात केलेले असते.

मात्र माणसाच्या बुबुळासह पूर्ण नेत्रगोलाचा व्यास सुमारे २४ मिलिमीटर असतो आणि प्रौढांमध्ये तो फारसा बदलत नाही. चेहऱ्याचा तिसरा हिस्सा व्यापणारे नेत्रगोल कवटीत बसवायचे, तर नाकाला आणि मेंदूच्या पुढच्या भागाला जागा उरणार नाही. चित्र पाहताना हा विचार कोणाच्या मनात येत नाही. संगणकाने त्याच पात्राला रंध्रे, ओलसर डोळे आणि सुटे केस दिले, की तो आपसूक येतो. जपानी यंत्रमानवशास्त्रज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्ये असे सुचवले, की कृत्रिम आकृती माणसासारखी होत जाते तशी ती आवडू लागते, पण साम्य जवळजवळ पूर्ण होण्याच्या टप्प्यावर ही आवड एकदम घसरून तिची जागा शिसारी घेते. या घसरणीचे नेमके कारण अजून वादात आहे. मला सर्वांत पटणारे स्पष्टीकरण विसंगतीचे आहे: चेहऱ्याचा एक भाग खरा आणि दुसरा काल्पनिक दिसला, की मेंदू अडखळतो. २०१९ मध्ये ‘सॉनिक’ या व्हिडिओ गेममधील प्राणीपात्रावरच्या चित्रपटाच्या पहिल्या झलकेवर प्रेक्षक भडकले, त्यात माणसासारख्या दातांचा वाटा मोठा होता. चित्रपट नोव्हेंबर २०१९ वरून फेब्रुवारी २०२० वर ढकलला गेला आणि पात्राचे रूप नव्याने केले गेले. लक्षात घेण्याजोगे हे, की नवे रूप अधिक वास्तव नव्हते; डोळे मोठे करून ते मूळ रेखाटनाकडे परत नेले होते.

चेहऱ्यापेक्षाही अवघड प्रश्न वजनाचा आहे. मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी १९७३ मध्ये माणसांच्या सांध्यांवर खुणा लावून, काळोखात फक्त ते ठिपके हलताना दिसतील असे चित्रण केले. पाहणाऱ्यांनी ते चालणारे माणूस आहे हे क्षणार्धात ओळखले. पुढील प्रयोगांत तर केवळ अशा ठिपक्यांवरून, उचललेली पेटी किती जड असावी याचा अंदाजही लोकांना करता आला. म्हणजे हालचालीवरून वस्तुमान वाचण्याची तयारी आपल्यात मुळातच आहे. चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी असतात, पण मालिकांमध्ये एकच चित्र दोन किंवा तीन चौकटी टिकवून १२ किंवा ८ चित्रांवर भागवले जाते. अशा तुटक हालचालीतून वस्तुमान वाचायला फारसा वावच राहत नाही. कॅमेऱ्यासमोरच्या नटाला ही सवलत मिळत नाही.

समजा, नायक १० मीटर उंचीवरून उडी मारून जमिनीवर ठामपणे उभा राहतो. या पडण्याला सुमारे १.४ सेकंद लागतात आणि जमिनीला टेकताना वेग ताशी ५० किलोमीटर असतो. गुडघे वाकवून त्याने अर्ध्या मीटरच्या अंतरात स्वतःला थांबवले, तरी पायांवर शरीराच्या वजनाच्या विसाहून अधिक पट बल येईल. खरा माणूस तेथून चालत जाणार नाही. म्हणून नटाला दोराने सावकाश खाली सोडले जाते. पण मग कंबर दोराच्या तालावर उतरते आणि हातपाय, केस, कपडे त्या कंबरेपासून लोंबकळतात. मुक्तपणे पडणाऱ्या शरीरात असे लोंबणे नसते. प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही, पण त्याला दोर ‘दिसतो’.

महाकाय यंत्रमानवांच्या बाबतीत तर पेच सुटतच नाही. उंची दहापट झाली, की वस्तुमान हजारपट आणि पायाच्या छेदाचे क्षेत्रफळ फक्त शंभरपट होते, हे गणित गॅलिलिओने १६३८ मध्येच मांडले. पाय झुलण्याचा काळही लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात, म्हणजे तिपटीहून थोडा अधिक वाढतो. जपानमधील योकोहामा येथे डिसेंबर २०२० ते मार्च २०२४ या काळात ‘गंडम’ मालिकेतील १८ मीटर उंचीचा यंत्रमानव खरोखर हलताना पाहता येत होता. सुमारे २५ टनांचा तो सांगाडा कंबरेला आधार देऊन उभा केलेला होता आणि एक गुडघा उचलायलाही त्याला चांगलाच वेळ लागे. पडद्यावर ही गती राखली तर झुंज रटाळ होते; वाढवली तर यंत्रमानव पोशाख घातलेल्या माणसाएवढा भासतो.

त्या मानाने प्रकाशाचा प्रश्न बराच सुटला आहे. त्वचेवर पडलेला प्रकाश आत शिरून, विखरून शेजारच्या जागेतून बाहेर येतो. याचे संगणकाला परवडेल असे गणिती प्रारूप २००१ मध्ये उपलब्ध झाले आणि कृत्रिम त्वचेचा मेणचटपणा गेला. चित्रीकरणाच्या जागी एक करडा आणि एक आरशासारखा गोळा धरून तेथील प्रकाश नोंदवून ठेवतात, म्हणजे नंतर घातलेल्या पात्रावर उजेड त्याच दिशेने पडतो. उरते ती खऱ्या नटाची नजर. समोर पात्र नसल्यामुळे तो काठीला लावलेल्या चेंडूकडे पाहून बोलतो. माणसाच्या डोळ्यांतील पांढरा भाग ठळक असल्याने नजरेची दिशा इतरांना फार अचूक कळते. त्यामुळे पात्र नंतर वीतभर जरी सरकवले, तरी नट त्याच्या डोळ्यांत न पाहता कानामागे पाहत असल्याचे मागच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही जाणवते.