वाहतूक सिग्नलची दृश्यता (कोकण किनारपट्टी)

चौकातला सिग्नल चालकाला किती लांबून, किती चटकन आणि किती निःशंकपणे ओळखता येतो, याला त्याची दृश्यता म्हणतात. ती नुसत्या वॅटवर ठरत नाही. दिवा कशाच्या पार्श्वभूमीवर दिसतो, कुठे उभा आहे आणि त्याचे तोंड कुणाकडे आहे, हे जास्त महत्त्वाचे. कोकणात हे रोज अनुभवाला येते, कारण समुद्र पश्चिमेला आणि महामार्ग सोडून किनाऱ्याकडे उतरणारे रस्तेही पश्चिमेलाच जातात.

हातखंब्याहून रत्नागिरीकडे किंवा कसालहून मालवणकडे संध्याकाळी गाडी चालवली, की ऊन थेट डोळ्यांत येते. दुचाकीवाला एक हात कपाळावर धरतो. अशा वेळी सिग्नल सूर्याच्या अंगाला असला तर लाल आणि हिरवा यांत फरक कळत नाही, नुसता काळा डबा दिसतो. यावर खरा उपाय म्हणजे डब्यामागे चारही बाजूंनी बाहेर येणारा काळा फलक. तो दिव्याभोवतीचे झगझगीत आकाश झाकतो आणि रंग उठून दिसतो. रत्नागिरीच्या अक्षांशावर मावळतीची जागा वर्षभरात ठीक पश्चिमेच्या दोन्ही बाजूंना सुमारे 25 अंश सरकते. त्यामुळे मार्चमध्ये नीट दिसणारा सिग्नल मे महिन्यात उन्हात हरवू शकतो. पाहणी एकाच महिन्यात उरकणे म्हणूनच चुकीचे.

पूर्वेकडे जाणाऱ्याची अडचण उलटी असते. सूर्य त्याच्या पाठीशी असतो. किरण सिग्नलच्या भिंगात शिरून परत फिरतात आणि न पेटलेला दिवाही पेटल्यासारखा भासतो. जुन्या बल्बच्या सिग्नलमध्ये आत आरसा असल्याने हा भास फार होई. एलईडीमुळे तो पुष्कळ कमी झाला. दिव्यावरची टोपी दुपारी कामाची आहे, पण सूर्य क्षितिजाला टेकला की किरण तिच्याखालून सरळ आत येतात.

भिंगाचा व्यास सहसा 200 किंवा 300 मिलीमीटर असतो. दुसऱ्याचे क्षेत्रफळ पहिल्याच्या सव्वादोन पट भरते. वेगवान रस्त्यावर मोठेच भिंग हवे. ताशी 50 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी पिवळ्या दिव्याच्या 3 सेकंदांत जवळजवळ 42 मीटर पुढे जाते, आणि ओल्या डांबरावर थांबायला अंतरही जास्त लागते. पुढे एसटी असेल तर कडेच्या खांबावरचा सिग्नल तिच्याआड जातो. त्यासाठी चौकापलीकडे दुसरा सिग्नल, किंवा रस्त्यावर आडव्या दांड्याला टांगलेला दिवा लागतो. लाल वर, पिवळा मध्ये, हिरवा खाली हा क्रम रंगांध चालकाचा आधार आहे. तो कुठेही बदलता कामा नये.

लाल रंग पाऊसधुक्यातून सर्वांत लांब जातो, असे शाळेपासून ऐकू येते. स्वच्छ हवेतल्या सूक्ष्म कणांपुरते ते खरे आहे. पण धुक्याचा थेंब साधारण 10 मायक्रॉनचा, तर लाल प्रकाशाची तरंगलांबी 0.63 मायक्रॉनच्या आसपास. एवढ्या मोठ्या थेंबापुढे सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. आंबा घाटातल्या धुक्यात किंवा आषाढातल्या झडीत लाल दिव्याला रंगामुळे फारशी सवलत मिळत नाही. तिथे उपयोगी पडते ती दिव्याची तीव्रता, भिंगाचा आकार आणि स्वच्छ काच.

ही स्वच्छताच किनाऱ्यावर टिकत नाही. खाऱ्या हवेने लोखंडी टोप्या, स्क्रू आणि बिजागऱ्या गंजतात, भिंगावर मिठाचा थर बसतो, पावसाळ्यात कडांना शेवाळ धरते. वाऱ्याने डबा थोडा जरी फिरला तरी फटका बसतो, कारण एलईडी सिग्नलचा प्रकाश मुद्दाम एका दिशेला एकवटलेला असतो आणि बाजूने पाहणाऱ्याला तो मंद दिसतो. म्हणून वादळानंतर प्रत्येक सिग्नल थांबारेषेवर आणि तिच्या मागे 50 मीटरवर उभे राहून तपासावा. खांबाखालून वर पाहून काहीच कळत नाही.

रात्री प्रश्न उलटतो. अंधाऱ्या गावात पूर्ण तेजाचा एलईडी डोळे दिपवतो आणि पलीकडचा पादचारी दिसेनासा होतो. रात्री तेज आपोआप उतरवणारी यंत्रणा इथे गरजेची आहे. लाईट गेली तर सिग्नल अंधारात पुरता नाहीसा होतो. मागच्या फलकाच्या कडेला पिवळी परावर्तक पट्टी लावली, तर निदान हेडलाइटच्या उजेडात पुढे तिठा आहे एवढे तरी चालकाला समजते.