कानात वारं शिरलेला वर्ग

कानात वारं शिरलेलं वासरू ज्याने पाहिलंय, त्याला वाऱ्याच्या दिवशीचा दुसरीचा वर्ग वेगळा समजावून सांगावा लागत नाही. खिडकीचं दार धाडकन आपटतं. पुढच्या बाकावरची वही फडफडत खाली पडते, ती उचलायला एकाऐवजी चौघं वाकतात, त्यातल्या दोघांची डोकी एकमेकांवर आपटतात, आणि कोण रडतंय ते बघायला सगळा वर्ग उभा राहतो. वजाबाकीतला हातचा फळ्यावर तसाच राहतो.

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी म्हणतंच, "आज हवाच तशी आहे." मळभ आलं की मुलं पेंगतात, उकाड्यात भांडतात, पाऊस यायच्या आधी बिथरतात, असा लहान मुलांना शिकवणाऱ्या जवळपास प्रत्येकाचा अनुभव असतो. हा अनुभव खोटा नाही. पण त्याचं कारण आपण ढगांत शोधतो आणि तिथेच चुकतो, असं मला वाटतं.

हे मोजून बघायचा पहिला मोठा प्रयत्न सव्वाशे वर्षांपूर्वीचा आहे. एडविन डेक्स्टर या अमेरिकी अभ्यासकाने डेन्व्हर शहरातल्या शाळांच्या शिक्षेच्या नोंदी मिळवल्या. कोणत्या दिवशी किती मुलांना मार बसला याची ती यादी होती. तिच्याशेजारी त्याने त्याच दिवसांच्या तापमान, आर्द्रता, वायुदाब, वारा यांच्या नोंदी ठेवल्या. हे काम १८९९ मध्ये प्रसिद्ध झालं, पुढे १९०४ मध्ये ते पुस्तकरूपाने आलं. त्यात वारा ठळकपणे उठून दिसत होता. सोसाट्याच्या दिवशी शिक्षेचं प्रमाण नेहमीपेक्षा चांगलंच वाढलेलं होतं.

म्हणजे वासराची म्हण आकडेवारीने खरी ठरली? थोडं थांबू. छडी मुलाच्या पाठीवर बसते, पण असते शिक्षकाच्या हातात. त्या नोंदीत मुलांची मस्ती जितकी मोजली गेली, तितकाच शिक्षकांचा संयमही मोजला गेला. दिवसभर दारं-खिडक्या आपटताहेत, धूळ डोळ्यांत जातेय, आवाज चढवून घसा बसलाय; अशा वेळी जो दंगा काल नजरेआड केला असता, त्याच दंग्याला आज मार मिळतो.

शिवाय अपेक्षेचा खेळ असतोच. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग हवामानाचा नाही, साखरेचा आहे. पण इथे चपखल बसतो. साखर खाल्ली की आपला मुलगा उधळतो, अशी खात्री असलेल्या आया आणि त्यांची पाच ते सात वर्षांची मुलं, अशा ३५ जोड्या बोलावल्या होत्या. निम्म्या आयांना सांगितलं की मुलाला भरपूर साखर दिली आहे. प्रत्यक्षात एकाही मुलाला साखर दिलेली नव्हती. तरीही "साखर दिली" असं ऐकलेल्या आयांना आपली मुलं जास्त चळवळी वाटली. इतकंच नाही, त्या मुलांच्या जास्त जवळ घुटमळत राहिल्या आणि त्यांना जास्त टोकत राहिल्या. "आज पाऊस, आज पोरं ऐकायची नाहीत" असं मनाशी घोकत वर्गात शिरणाऱ्या शिक्षकाचंही असं होत नसेल, असं समजायला काही कारण दिसत नाही.

एवढं वजा करूनही काहीतरी उरतंच. ते मुलापर्यंत कोणत्या वाटेने पोचतं हे बघण्यात खरी गंमत आहे.

उकाडा मात्र थेट अंगात शिरतो. लहान मुलाच्या त्वचेचं क्षेत्रफळ वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा जास्त असतं आणि त्याला घाम कमी येतो. भोवतालची हवा अंगापेक्षा गार असेल तोवर ही मोठी त्वचा फायद्याची. हवा अंगाइतकी तापली की तीच उलटते आणि बाहेरची उष्णता भरभर आत येते. एक ग्रॅम घाम त्वचेवरून उडून जाताना शरीरातली सुमारे २,४०० जूल उष्णता नेतो, पण त्यासाठी तो उडावा लागतो. दमट हवेत तो नुसता ओघळतो. त्यात वर्ग स्वतःलाही तापवत असतो. शांत बसलेलं एक मूल ढोबळमानाने ७० वॉट उष्णता बाहेर टाकतं. पस्तीस मुलं म्हणजे जवळपास अडीच किलोवॉट, तीही शांत बसली तर!

डेन्मार्कमधल्या शाळांत दहा ते बारा वर्षांच्या मुलांवर झालेले प्रयोग २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्गाचं तापमान २५ अंशांवरून २० अंशांवर आणल्यावर मुलांचा गणितं सोडवायचा आणि वाचायचा वेग वाढला. हा २० चा आकडा सगळ्या जगाला लावू नये. गरम प्रदेशात वाढलेल्या अंगाला २० अंशांत हुडहुडी भरेल. त्यातून घ्यायचं ते इतकंच की 'सहन होतंय' आणि 'लक्ष लागतंय' यांत फरक असतो. अमेरिकेतल्या लाखो विद्यार्थ्यांच्या परीक्षांवरून २०२० मध्ये एक हिशेब मांडला गेला. वातानुकूलन नसलेल्या शाळांत शालेय वर्ष एक अंश फॅरनहाइटने जास्त गरम गेलं, की त्या वर्षीचं शिकणं सुमारे एक टक्क्याने घटतं. वर्षाला एक टक्का किरकोळ वाटतो, पण ते मूल दहा-बारा वर्षं त्याच शाळेत जाणार असतं.

उकाड्याची दुसरी वाट आदल्या रात्रीतून येते. गरम रात्री झोप तुटते. चौथी आणि सहावीतल्या मुलांची झोप फक्त तीन रात्री थोडी कमी-जास्त करून बघणारा एक अभ्यास २००३ मध्ये आला. तेवढ्यानेही त्यांच्या अवधानाच्या आणि प्रतिसादाच्या चाचण्यांत फरक दिसला. आणि झोप कमी झालेलं लहान मूल मोठ्यांसारखं मलूल होईलच असं नाही. बरीच मुलं उलट जास्त चुळबुळ करतात, हट्ट करतात, हातातलं फेकतात. सकाळी हवा छान गार असते आणि हे आज असं का वागतंय ते कुणालाच कळत नाही.

आता पाऊस. पाण्याचे थेंब मुलाच्या स्वभावाला काही करत नाहीत. पण पाऊस आला की मोठी माणसं तीन गोष्टी करतात: खिडक्या लावतात, दार लोटतात, मधली सुट्टी वर्गातच घ्यायला लावतात.

खिडक्या लावल्या की हवा कोंदते. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दर दहा लाख भागांत सव्वाचारशेच्या आसपास असतो. बंद वर्गात तो तासाभरात हजाराच्या पुढे सहज जातो. म्युनिकच्या मॅक्स फॉन पेटेनकोफर या आरोग्यशास्त्रज्ञाने हीच हजाराची मर्यादा १८५८ मध्ये सुचवली होती. हा वायू त्या प्रमाणात विषारी आहे असं त्याचं म्हणणं नव्हतं. खोलीतली हवा किती शिळी झालीय याची ती खूण होती. डेन्मार्कच्या त्याच प्रयोगांत दर मुलामागे मिळणारी ताजी हवा सेकंदाला पाच लिटरवरून दहा लिटरच्या आसपास नेली, तेव्हाही मुलांचा कामाचा वेग वाढला.

मग आवाज. पत्र्यावर पाऊस कोसळत असताना शेवटच्या बाकावर बसून बघा. शिकवणाऱ्याचा आवाज भोवतालच्या गोंगाटापेक्षा निदान १५ डेसिबलने वर असावा, असा वर्गांसाठीचा रूढ निकष आहे. मोठ्या माणसाला अर्धं वाक्य ऐकू आलं तरी चालतं, कारण उरलेलं तो शब्दसंपत्तीच्या जोरावर भरून काढतो. सात वर्षांच्या मुलाकडे ती पुंजी अजून जमलेली नसते. त्याला "पान... उघडा आणि... गणित" एवढंच ऐकू येतं. मग ते शेजारणीला विचारतं, "काय म्हणाल्या बाई?" तिलाही ऐकू आलेलं नसतं, ती मागे वळते, मागचा तिसऱ्याला हलवतो. फळ्याजवळून दिसतं ते एवढंच की चौघं बोलताहेत. दंगा म्हणून ज्याची नोंद होते, त्यातला बराचसा भाग शिकण्याची धडपड असतो. हे मला या सगळ्या विषयातलं सगळ्यात दुर्लक्षित सत्य वाटतं.

सततच्या आवाजाचं मोल केवढं असतं, हे न्यूयॉर्कमधल्या एका शाळेत दिसलं. इमारतीच्या एका बाजूने उन्नत रेल्वेमार्ग जायचा. १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रुळांकडच्या वर्गांतली मुलं वाचनात शांत बाजूच्या मुलांच्या मागे होती. सहावीपर्यंत ही दरी जवळजवळ एका वर्षाची झाली होती. पुढे रुळांखाली रबरी पट्ट्या बसवल्या, वर्गांना आवाज शोषणारी छतं लावली. १९८१ च्या अहवालात दोन्ही बाजूंची मुलं सारखीच वाचत होती.

आणि सुट्टी. अमेरिकेत १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत सुट्टीची वेळच मागेपुढे करून पाहिली. बसून राहण्याचा काळ लांबला तसं मुलांचं लक्ष ढळत गेलं. २००९ मध्ये आठ-नऊ वर्षांच्या दहा हजारांहून अधिक मुलांची माहिती तपासली गेली. रोज निदान पंधरा मिनिटांची सुट्टी मिळणाऱ्या मुलांचं वर्गातलं वागणं शिक्षकांना जास्त चांगलं वाटलं. पावसाळी दिवशी दुपारी दोन वाजता वर्ग उकळतो तेव्हा आपण आभाळाकडे बघतो. बघायला हवं ते घड्याळाकडे, कारण मुलं सकाळपासून एकाच जागी आहेत.

वायुदाबाचा उल्लेख हमखास होतो, म्हणून दोन शब्द. साधारण साडेआठ मीटर वर चढलं की दाब एक हेक्टोपास्कलने उतरतो. म्हणजे तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गात जाणारं मूल रोज एका मिनिटात जेवढा फरक अनुभवतं, तेवढा फरक पडायला आभाळाला बरेचदा काही तास लागतात. जिना चढल्याने कुणी बिथरत नाही.

वाऱ्याला मात्र मी अजून पुरता निर्दोष सोडणार नाही. फ्लोरिडातल्या २०१९ च्या एका अभ्यासात एकाच महामार्गाजवळच्या शाळांची तुलना केली होती. वारा ज्या शाळांकडे रस्त्यावरचा धूर वाहून नेत होता, तिथे गुण कमी पडले आणि बेशिस्तीच्या नोंदी व गैरहजेरी वाढली. इथे वारा नुसता हमाल होता; ओझं गाड्यांचं होतं.

मग मुलांचं खरं वागणं मोजायचं कसं, बघणाऱ्याचं मत मध्ये न आणता? अमेरिकेतल्या संशोधकांनी एक युक्ती वापरली, ती २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिसरीच्या दोन वर्गांना दहा आठवडे काही तास बाहेर हिरवळीवर आणि तसेच जोडीचे तास वर्गात घेतले. त्यानंतरच्या, वर्गातच झालेल्या तासाला मुलं कशी बसतात हे तपासलं. बाहेरून आल्यानंतर "इकडे लक्ष द्या" म्हणून शिक्षकांना जवळपास निम्म्याच वेळा थांबावं लागलं. शिवाय वर्गाचे फोटो काढून, मुलं किती लक्ष देताहेत हे ठरवायला ते अशा माणसाकडे दिले, ज्याला आधीचा तास कुठे झाला होता हे माहीतच नव्हतं.

पावसाच्या दिवसासाठी हीच युक्ती करायची तर पंचाईत आहे. फोटोत मागच्या भिंतीशी टांगलेल्या, पाणी गळणाऱ्या छत्र्यांची रांग दिसणारच.